गिटारचा काठ : खाच आणि पट्टी

गिटारच्या पेटीकडे पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम ध्वनिछिद्राकडे आणि तारांकडे जाते. पुढची फळी आणि बाजू यांच्या सांध्यावरून, सबंध पेटीला वळसा घालून गेलेल्या अरुंद पट्टीकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. ही पट्टी कधी हस्तिदंती रंगाची असते, कधी काळसर लाकडाची. तिच्या आतल्या अंगाला लागून एकदोन बारीक रेघा असतात. साडीला काठ असावा त्याप्रमाणे ही केवळ शोभा आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु साडीचा काठही निव्वळ शोभेसाठी नसतो. वस्त्राची कड टिकून राहावी, हाही त्याचा हेतू असतो. गिटारच्या बाबतीत तर काठाचे हे संरक्षक कार्य अधिकच महत्त्वाचे आहे.

या पट्टीला इंग्रजीत ‘बाइंडिंग’ व आतल्या बारीक रेघांना ‘पर्फलिंग’ म्हणतात. येथे आपण त्यांना अनुक्रमे ‘काठपट्टी’ आणि ‘रेघपट्टी’ म्हणू. या दोन्ही पट्ट्या पेटीवर वरून चिकटवलेल्या नसतात. पेटी पूर्ण जोडून झाल्यावर तिच्या कडेचे लाकूड कोरून काढतात, आणि अशा रीतीने तयार झालेल्या पायरीवजा खाचेत त्या बसवतात. ही खाच कोरणे हे गिटार बनवण्याच्या सर्व कामांत सर्वांत धास्तीचे काम मानले जाते. त्याचे कारण उघड आहे. या टप्प्यावर फळ्या रंधून योग्य जाडीच्या केलेल्या असतात, बाजू उष्णतेने वाकवलेल्या असतात, आतील आधारपट्ट्या बसवून पेटी बंद केलेली असते. कित्येक आठवड्यांचे काम टेबलावर तयार असते, आणि मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेरे घेणारे पाते नेमके त्याच्या सर्वांत नाजूक सांध्यावरून फिरवायचे असते. हात क्षणभर कलला तर ते काम वाया जाऊ शकते.

काठ कशासाठी

लाकूड हा पदार्थ हवेतील ओलावा सतत शोषतो आणि सोडतो. ओलावा वाढला की ते फुगते, कमी झाला की आकसते. हा बदल सर्व दिशांना सारखा नसतो. तंतूंच्या लांबीच्या दिशेने तो नगण्य असतो. तंतूंना आडव्या दिशेने मात्र तो चांगलाच जाणवतो. गिटारची पुढची फळी बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाची असते आणि तिचे तंतू मानेपासून बुडाकडे, म्हणजे पेटीच्या लांबीच्या दिशेने जातात. सुमारे ४०० मिलिमीटर रुंदीची अशी फळी कोरड्या ऋतूतून दमट ऋतूत आली, तर तिची रुंदी दोन मिलिमीटरपर्यंत वाढू पाहते. बाजूंना चिकटलेली असल्यामुळे तिला मोकळेपणे पसरता येत नाही. ती फुगून वर उचलली जाते आणि कडेच्या सांध्यावर ताण येतो.

हा ओलावा फळीत कोठून शिरतो, हे पाहण्यासारखे आहे. लाकडाचे तंतू म्हणजे लांबट, पोकळ नळ्याच होत. नळ्यांच्या कुशीतून पाणी सावकाश शिरते; त्यांच्या उघड्या तोंडांतून ते झपाट्याने शिरते. पेटीच्या वरच्या आणि खालच्या टोकांना, जेथे फळीची कड तंतूंना आडवी जाते, तेथे ही तोंडे उघडी पडतात. काठपट्टी ती झाकून टाकते. गिटार तयार करणाऱ्या चांगल्या कार्यशाळांत हवेची सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राखण्याचा प्रयत्न करतात. अशा हवेत जोडलेले वाद्य मुंबई, गोवा किंवा शिलाँग येथे पावसाळ्यात येते, तेव्हा त्याला ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत दिवस काढावे लागतात. तेच वाद्य दिल्लीच्या किंवा जयपूरच्या मे महिन्यात नेले तर उलट दिशेची कसोटी लागते. आपल्या देशातील वादकाच्या दृष्टीने काठाचा प्रश्न सौंदर्यापुरता का मर्यादित नाही, हे यावरून लक्षात येईल.

दुसरे कारण साधे आहे. स्प्रूसचे लाकूड मऊ असते. नखानेही त्यावर खूण उमटते. वाद्य भिंतीला टेकते, खुर्चीवर आपटते, पेटाऱ्यात ठेवताना घासते, तेव्हा मार बहुतेक वेळा कडेला बसतो. कडेवर शिसवी किंवा मेपलसारख्या कठीण लाकडाची अथवा प्लॅस्टिकची पट्टी असेल, तर ती मार सोसते. शिवाय ती खराब झाल्यास काढून नवी बसवता येते. फळी बदलणे इतके सोपे नसते.

व्हायोलिनमध्ये हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवलेला आहे. तेथे फळीची कड बाजूच्या बाहेर थोडी पुढे आलेली असते आणि रेघपट्टी कडेपासून काही अंतर आत, फळीतच कोरून बसवतात. कडेवर पडलेली चीर आत पसरू नये, हा तिचा एक उपयोग आहे. गिटारच्या फळीची कड मात्र बाजूशी सपाट मिळवलेली असते. त्यामुळे सांधा उघडा राहतो आणि त्याला झाकणाची गरज पडते.

खाचेचा हिशेब

खाच कोरताना नेमके काय कापले जाते, हे समजण्यासाठी पेटीच्या कडेचा आडवा छेद डोळ्यांपुढे आणावा. बाहेरून पाहिल्यास बाजूची जाडी सुमारे दोन मिलिमीटर असते. एवढ्या पातळ कडेवर फळी चिकटवली तर सांधा टिकणार नाही. म्हणून बाजूच्या आतल्या अंगाला सहा ते आठ मिलिमीटर रुंदीची एक अस्तरपट्टी चिकटवलेली असते. वळणावर सहज वळावी यासाठी तिला थोड्या थोड्या अंतरावर करवतीचे छेद दिलेले असतात. अशा प्रकारे बाजू आणि अस्तरपट्टी मिळून आठ-दहा मिलिमीटर रुंदीची बैठक तयार होते आणि तिच्यावर सुमारे तीन मिलिमीटर जाडीची फळी सरसाने चिकटवतात.

आता काठपट्टी दोन मिलिमीटर जाड आणि सहा मिलिमीटर उंच आहे असे समजा. तिच्यासाठी तेवढीच खोल आणि उंच खाच कोरली, की त्या भागातील बाजूचे लाकूड पूर्णपणे नाहीसे होते. फळी आणि बाजू यांना थेट जोडणारा सांधा उरतच नाही. फळी आता केवळ अस्तरपट्टीवर टेकलेली असते. घासून घासून एखाद्या ठिकाणी बाजू दीड मिलिमीटरपर्यंत पातळ झालेली असेल, तर तेथे पाते अस्तरपट्टीतही अर्धा मिलिमीटर शिरते. याच वेळी बाजू आणि अस्तरपट्टी यांच्यात सरस नीट पसरलेला नसेल, तर ती फट खाचेत उघडी पडते. पेटी बंद होण्यापूर्वी केलेल्या कामाची ही एक प्रकारे तपासणीच होय.

रेघपट्टीची खाच याहून वेगळी असते. ती रुंद पण उथळ असते : कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत जाते, मात्र तिची खोली फळीच्या जाडीच्या साधारण अर्धी-पाऊण इतकीच ठेवतात. तिच्या खाली फळीचा पातळ थर शाबूत राहणे आवश्यक असते, कारण त्याच थराच्या आधारे फळी अस्तरपट्टीला धरून असते. येथे खोली अधिक झाली तर फळी कडेला कमकुवत होते. तारांचा एकत्रित ताण साधारण ७० किलोग्रॅम वजनाइतका असतो आणि तो पुलाच्या मार्गाने फळीला सतत खेचत असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे एका मिलिमीटरचे महत्त्व कळते.

यास्तव असे म्हणता येईल की, कारागीर स्वतःच्या हाताने सर्वांत महत्त्वाच्या सांध्याचा काही भाग कापून टाकतो आणि मग काठपट्टी घट्ट चिकटवून तो पुन्हा भरून काढतो. पट्टी आणि खाच यांच्यात फट राहिली, तर तोडलेले जोडले गेलेच नाही असा त्याचा अर्थ होतो. खाचेची अचूकता हा म्हणूनच वाद्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

हाताची पद्धत

आजच्या अभिजात गिटारचा आकार व अंतर्रचना ज्याने रूढ केली त्या अँटोनिओ दे टोरेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराच्या काळी विजेवर चालणारी यंत्रे नव्हती. खाच हाताने कोरावी लागे, आणि आजही काही कारागीर तशी कोरतात. त्यासाठीचे हत्यार सुताराच्या परिचयाचेच आहे. लाकडाच्या कडेला समांतर रेघ ओढण्यासाठी सुतार जे आखणीचे हत्यार वापरतो, त्याच्या खिळ्याच्या जागी धारदार पाते बसवले की हे हत्यार होते. स्पेनमध्ये त्याला ‘ग्रामील’ म्हणतात. त्याचा ठोकळा बाजूला टेकवून ते पेटीभोवती फिरवले म्हणजे फळीवर, कडेपासून ठरावीक अंतरावर, छेदरेषा पडते. ठोकळा फळीला टेकवून फिरवले म्हणजे तशीच रेषा बाजूवर पडते. या दोन रेषांमधील लाकूड पटाशीने थोडे थोडे काढून टाकतात.

ऐकण्यास ही कृती सोपी वाटते, पण स्प्रूसच्या लाकडाचा स्वभाव तिच्या आड येतो. त्यात मऊ आणि कठीण रेषा आळीपाळीने असतात : वसंतात झपाट्याने वाढलेले लाकूड मऊ, उन्हाळ्याअखेर सावकाश वाढलेले कठीण. छेदरेषा जेथे तंतूंना किंचित तिरकी जाते, तेथे पाते आपली वाट सोडून मऊ रेषेच्या वाटेने जाऊ पाहते. म्हणून पहिला फेरा अगदी हलक्या हाताने, केवळ खूण उमटण्यापुरता द्यावा लागतो. पुढच्या प्रत्येक फेऱ्यात दाब थोडा वाढवतात. या पद्धतीत वेळ फार लागतो. तथापि तिचा मोठा गुण असा की, चूक झालीच तर ती लहान असते आणि ती होत असताना दिसते.

फिरते पाते

विसाव्या शतकात राउटर हे विजेचे हत्यार सुतारकामात आले आणि फर्निचरवरील लॅमिनेटच्या कडा कापण्यासाठी त्याचा एका हाताने धरता येण्याजोगा लहान प्रकारही तयार झाला. गिटार बनवणाऱ्यांनी तोच उचलला. उभ्या आसावर फिरणारे दंडगोल पाते, आणि त्याच्या टोकाशी त्याच आसावर मोकळे फिरणारे बॉल बेअरिंग, अशी त्याची रचना असते. बेअरिंग गिटारच्या बाजूवर टेकते. पाते बेअरिंगच्या बाहेर जितके पुढे आलेले असेल तितकीच खाच आत जाते. हा हिशेब सोपा आहे : पात्याच्या व्यासातून बेअरिंगचा व्यास वजा करून दोनाने भागावे. पाते २२ मिलिमीटर आणि बेअरिंग १८ मिलिमीटर असेल, तर खाच दोन मिलिमीटर आत जाईल. निरनिराळ्या व्यासांची बेअरिंगे जवळ असली की एकाच पात्याने काठपट्टी आणि रेघपट्टी या दोहोंच्या खाचा कोरता येतात.

येथे क्रमाला महत्त्व आहे. बेअरिंग पात्याच्या खाली असते. रेघपट्टीची खाच उथळ असल्यामुळे ती कोरताना बेअरिंग बाजूच्या अगदी वरच्या भागावर टेकते. काठपट्टीची खोल खाच आधी कोरली, तर नेमका तोच भाग नाहीसा झालेला असतो आणि बेअरिंगला टेकायला जागा उरत नाही; ते खाचेच्या आतल्या भिंतीवर जाऊन टेकेल आणि सगळी मापे चुकतील. म्हणून या हत्याराने काम करताना रुंद आणि उथळ खाच प्रथम, अरुंद आणि खोल खाच नंतर, असा क्रम ठेवतात.

बेअरिंग ज्या पृष्ठावरून धावते, त्याची प्रतिकृतीच जणू खाचेत उमटते. बाजूवर सरसाचा वाळलेला थेंब असेल तर खाचेत खळगा राहत नाही, उंचवटा राहतो, कारण त्या जागी पाते लाकडापासून तेवढे दूर ढकलले जाते. वाकवताना बाजूला लहर आली असेल तर ती लहर खाचेत येते. म्हणून पाते हाती घेण्यापूर्वी बाजू पोलादी पत्र्याच्या खरवडणीने व पॉलिश कागदाने सपाट करून घेतात, बाहेर आलेल्या फळ्यांच्या कडा बाजूशी मिळवून घेतात, आणि सरळ पट्टी लावून उजेडाकडे पाहतात. मापे प्रथम टाकाऊ लाकडाच्या तुकड्यावर घेऊन त्यात काठपट्टीचा तुकडा बसवून पाहतात. पट्टी खाचेबाहेर केसभर उंच राहिलेली चालते. नंतर ती खरवडून सपाट करता येते. ती खाचेत बुडाली, तर मात्र सबंध बाजू किंवा फळीच घासून खाली आणावी लागते, आणि पातळ लाकूड अधिक पातळ होते.

घुमटाची अडचण

आतापर्यंतच्या वर्णनात फळी सपाट आहे असे आपण गृहीत धरले. प्रत्यक्षात ती सपाट नसते. ऋतूंचा बदल आणि तारांचा ताण सोसता यावा म्हणून पोलादी तारांच्या गिटारच्या दोन्ही फळ्यांना सौम्य घुमटाकार देतात. पाठीच्या घुमटाची त्रिज्या साधारण साडेचार मीटर असते. पुढच्या फळीची साडेसात-आठ मीटर. शिवाय पेटी सर्वत्र सारखी खोल नसते. ‘ड्रेडनॉट’ या मोठ्या आकाराच्या गिटारीची पेटी बुडाशी सुमारे १२४ मिलिमीटर खोल असते, तर मानेजवळ सुमारे ९८. म्हणजे पाठ मानेकडे उतरती असते.

हाती धरलेल्या राउटरचे सपाट तळ अशा पाठीवर ठेवले, तर कडेजवळ तो किती कलेल? मध्यरेषेपासून कड २०० मिलिमीटर अंतरावर आणि त्रिज्या ४६०० मिलिमीटर असेल, तर कल सुमारे अडीच अंशांचा होतो. अडीच अंश हे ऐकण्यास क्षुल्लक वाटते. परंतु सहा मिलिमीटर उंचीच्या खाचेत या कलामुळे वरच्या आणि खालच्या टोकांत पाव मिलिमीटरहून अधिक फरक पडतो. खाचेची भिंत बाजूला समांतर न राहता कलते, आणि तिच्यात सरळ पट्टी बसवली की एका टोकाला पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट राहते. दोन मिलिमीटर जाडीच्या पट्टीशेजारी एवढी फट लपत नाही. वरून लुकण दिल्यावर ती अधिकच उठून दिसते.

या अडचणीचे उत्तर कोणत्या पृष्ठाला प्रमाण मानावे, या विचारात आहे. फळी वक्र आहे. तिचा उतार जागोजागी बदलतो. बाजू मात्र सर्वत्र उभी असते. म्हणून पात्याचा आस फळीला काटकोनात न धरता बाजूला समांतर धरावा लागतो. त्यासाठी कारागीर दोन उपाय एकत्र योजतात. गिटारची पेटी एका पाळण्यात अशी बसवतात की तिच्या बाजू नेमक्या ओळंब्यात राहाव्यात. बुडाकडे आणि मानेकडे टेकू कमीअधिक करून आणि गुण्या लावून हे साधतात. राउटर एका उभ्या खांबावर, टेबलाच्या खणाला असतात तशा सरकपट्ट्यांवर बसवलेला असतो, त्यामुळे तो वरखाली मोकळेपणे सरकतो पण कलत नाही. त्याच्या सपाट तळाऐवजी पात्याभोवती एक लहान कडे असते आणि तेवढेच फळीला, कडेच्या अगदी जवळ टेकते. पाळणा हाताने फिरवला की फळीचा चढउतार अनुसरून राउटर वरखाली होतो. खाचेची उंची सर्वत्र सारखी राहते आणि भिंत उभी राहते. यात गुंतागुंतीचे असे काही नाही. लहान कार्यशाळांतील अनेकांनी ही साधने स्वतः बनवून घेतलेली असतात.

तंतूंची दिशा

मापे बरोबर असूनही एक धोका उरतोच, तो म्हणजे लाकूड उचकटण्याचा. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की केस उभे राहतात, त्याप्रमाणे पाते तंतूंच्या उलट गेले की ते तंतू कापले जाण्याऐवजी उचलले जातात आणि पुढे चिरत जातात. रंधा चालवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. तो फळी उलटी फिरवून घेतो. गिटारच्या वळणदार कडेवर मात्र तंतूंची अनुकूल दिशा पुन्हा पुन्हा बदलते.

फळीचे तंतू पेटीच्या लांबीच्या दिशेने जातात हे आपण पाहिले. पेटी जेथे सर्वांत रुंद असते तेथे कड तंतूंना समांतर असते. तेथून कंबरेकडे किंवा टोकाकडे जाताना कड आत वळते आणि तंतूंची टोके उघडी पडू लागतात. या दिशेने, म्हणजे रुंद भागाकडून अरुंद भागाकडे, पाते नेले तर कापल्या जाणाऱ्या तंतूंना खालच्या तंतूंचा आधार मिळतो. उलट दिशेने नेले तर आधार नसलेली टोके पात्यात सापडून उचकटतात. म्हणून नियम असा : खालच्या फुगवट्याच्या सर्वांत रुंद जागेपासून एकदा बुडाकडे व एकदा कंबरेकडे, आणि वरच्या फुगवट्याच्या रुंद जागेपासून एकदा कंबरेकडे व एकदा मानेकडे. दोन्ही अंगे मिळून असे आठ तुकडे होतात. एका दमात पेटीभोवती फेरी मारता येत नाही.

या नियमात एक मेख आहे. वरून पाहता राउटरचे पाते नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. त्यामुळे आठांपैकी चार तुकड्यांत हत्यार पुढे ढकलावे लागते आणि पाते हाताला विरोध करते; हे सुरक्षित आहे. उरलेल्या चारांत पाते लाकडाला पकडून स्वतःच पुढे धावू पाहते. तेथे एका वेळी अगदी थोडे लाकूड काढावे लागते आणि हत्यार घट्ट धरून मागे आवरावे लागते. प्रथम उथळ, मग थोडे खोल, शेवटचा फेरा केवळ साफसफाईचा, असे केल्यास धोका पुष्कळच कमी होतो. काही कारागीर कोरण्यापूर्वी फळीच्या कडेवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा पातळ हात देतात. ती तंतूंत मुरून त्यांना धरून ठेवते. छेदरेषा आधी हाताच्या हत्याराने पाडून घेणे हा आणखी एक उपाय. चीर पडली तरी ती त्या रेषेपाशी थांबते. अशा रीतीने जुनी पद्धत नव्या पद्धतीच्या मदतीला येते.

इतके करूनही एखादी ढलपी उडतेच. अशा वेळी अनुभवी कारागीर प्रथम यंत्र बंद करतो आणि जमिनीवर ती ढलपी शोधतो. तिच्या तंतूंची मोड तिच्याच जागेशी तंतोतंत जुळते. ताबडतोब सरस लावून ती बसवली तर सांधा बहुधा दिसतही नाही. दुसऱ्या लाकडाच्या तुकड्याने ही किमया साधत नाही. शिसवीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ते लाकूड कठीण पण ठिसूळ असते, आणि त्याची बारीक धूळ काहींच्या त्वचेला व श्वसनमार्गाला बाधते. म्हणून नाकातोंडावर पट्टी बांधणे आणि धूळ ओढून घेणारे यंत्र चालू ठेवणे श्रेयस्कर.

पट्टी कशाची

खाच नीट झाली की पट्टी बसवण्याचे काम तुलनेने निर्धोक असते. लाकडी पट्टी तापलेल्या नळीवर आधी वळवून घेतात. प्लॅस्टिकची पट्टी थोड्या उष्णतेने वळते. प्रत्येक अंगासाठी सुमारे ८० सेंटिमीटर लांबीची पट्टी लागते. चिकटद्रव्य लावून ती हातभर हातभर बसवत जातात आणि चिकटपट्टीने, सुतळीने किंवा सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांनी आवळून ठेवतात. बुडाशी दोन अंगांच्या पट्ट्या मध्यरेषेवर मिळवतात.

पट्टीच्या द्रव्याला मोठा इतिहास आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन या जर्मन कारागिराने १८३३ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन केलेली आणि १८३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे नेलेली पेढी आपल्या भारी गिटारींना हस्तिदंताची काठपट्टी लावीत असे. पुढे हस्तिदंताची जागा सेल्युलॉइडने घेतली. आपल्याकडील सतार आणि तंबोरा यांच्या काठांवरील पांढऱ्या नक्षीदार पट्ट्यांच्या बाबतीतही साधारण हेच घडलेले दिसते. सेल्युलॉइड दिसायला सुंदर आणि वळायला सोपे. पण ते चटकन पेट घेते, कालांतराने पिवळे पडते, आकसते, आणि विघटन होताना त्यातून निघणारी आम्लधर्मी वाफ जवळच्या धातूच्या भागांना गंजवते. रेघपट्टीतही फॅशन बदलत गेली. मार्टिनच्या डी-२८ या गिटारीवरील माशाच्या काट्यासारख्या नक्षीची रुंद रेघपट्टी १९४७ च्या सुमारास बंद झाली आणि वादकांच्या मागणीमुळे १९७६ मध्ये एचडी-२८ या नावाने परत आली.

लाकडी काठपट्टीसाठी वापरल्या जाणाऱ्या लाकडांत सह्याद्रीच्या दक्षिण भागातील जंगलांत वाढणाऱ्या शिसवीला मानाचे स्थान आहे. ब्राझीलच्या शिसवीचे ओंडके मिळणे कठीण झाल्यावर १९६९ मध्ये मार्टिन पेढीने पाठ व बाजूंसाठी भारतीय शिसवी स्वीकारली. ब्राझीलच्या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ मध्ये जवळजवळ पूर्णपणे रोखण्यात आला. २०१७ मध्ये भारतीय शिसवीसह या कुळातील इतर सर्व जातींच्या व्यापारावर परवान्याचे बंधन आले आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट देण्यात आली. लाकूड असे दुर्मिळ होत असताना, पाठ आणि बाजू कापून उरलेल्या चिरफळ्यांतून काठपट्ट्या काढणे ही काटकसरही आहे आणि शोभाही.

जुन्या वाद्याची परीक्षा

जुनी गिटार विकत घेणाऱ्याने किंवा आपल्या जुन्या गिटारीची काळजी घेणाऱ्याने प्रथम कंबरेजवळचा काठ पाहावा. पेटीच्या बहिर्वक्र भागांवर आकसणारी पट्टी अधिक घट्ट आवळली जाते; पण कंबरेच्या अंतर्वक्र भागात तीच पट्टी सरळ होऊ पाहते आणि खाचेतून बाहेर येते. म्हणून सेल्युलॉइडची पट्टी सुटण्याची सुरुवात बहुधा कंबरेपासून होते. नखाच्या टोकाने हलकेच दाबून पाहिले तर ती हलते की नाही हे कळते. वेळीच लक्ष दिले तर दुरुस्ती लहान असते : पट्टी बुडापर्यंत सोडवून, खाच साफ करून ती पुन्हा चिकटवतात आणि आकसल्यामुळे बुडाशी पडलेली तूट लहान तुकड्याने भरून काढतात. दुर्लक्ष केले तर उघड्या खाचेतून दोनचार पावसाळ्यांचा ओलावा अस्तरपट्टीवरील सरसापर्यंत पोहोचतो. प्राण्यांच्या कातडीपासून केलेला सरस ओलावा आणि उष्णता यांनी मऊ होतो, आणि मग फळीच उचलू लागते.

काठ बसवून, खरवडून आणि घासून झाला की पेटीचे काम संपते. हाताच्या बोटाने फळीवरून बाजूवर आले असता मधली पट्टी डोळ्यांना दिसावी पण बोटाला लागू नये, ही त्या कामाची जुनी आणि पुरेशी कसोटी आहे. यानंतर मान पेटीला जोडण्याची तयारी सुरू होते.